कोंबडा देऊन आणलेला टीव्ही

आमच्या घरात टीव्ही बंद पडला की त्येला थाप मारायची, ही पद्धत. जुना टीव्ही, मागं ह्ये मोठं पोट असलेला. उजव्या अंगाला थाप घातली की चित्र जाग्यावर यायचं, डोक्यावर घातली की आवाज यायचा. थाप मारायचं काम माज्याकडं. दुसरं काय मला नीट जमत न्हाई म्हणून घरच्यांनी तेवढं मला दिल्यालं, आन् मीबी त्येचा लई मान बाळगून व्हतो. पावणं आलं आन् चित्राला मुंग्या आल्या की मी उटायचो, बाही वर करायचो, आन् एक थाप. पावणं म्हणायचं, "वा!" हितंच माजं डोकं फिरलं. एक दिवस पयल्याच थापंला चित्र आलं व्हतं, तरी म्या वरनं आणखी एक दिली, नुस्ती शोभेला. आतनं फट् झालं, जळका वास सुटला, आन् टीव्ही गेला त्यो गेलाच.

आन् गेला कवा, तर आई पडली तवाच.

आई गोठ्याच्या तोंडाशी शेवाळावरनं घसरली आन् खुबा मोडला. भोरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई घातली, आन् आमी तिला टेम्पोत गादी टाकून घरी आणलं. डॉक्टर चांगले. निघताना त्यांनी माज्या बायकोला बाजूला घेतलं. मला न्हाई, तिला. घरातलं शाणं मानूस कोण ते डॉक्टरला लगीच कळतं. म्हणले, "हाडाची काळजी करू नका. पण आजींना बसतं करा. नुसत्या पडून राहिल्या तर छातीत कफ धरेल, पाठीला जखमा होतील, मग माझ्या हातात काही राहणार नाही. आणि उशा लावून तुम्ही बसवून भागायचं नाही. त्यांनी स्वतःहून उठलं पाहिजे."

आता ज्या बाईनं उभ्या जन्मात दिवसाउजेडी पाठ टेकली न्हाई, ती भिताडाकडं तोंड करून पडली. उटवायला गेलं की वरडायची. दुखण्यापरीस भ्याच मोटं. "पुन्ना मोडंल, हात लावू नगा." मंग वरडायचंबी सोडलं. "कशाला उटू? भाताची लावणी काय मला करायचीया? तुमी हायसा न्हवं." जेवण घासावर आलं. बायको भाताचा घास घेऊन बसायची आन् आई तोंड मिटून घ्यायची. माजी बायको भित नसती कुणाला, मलाबी न्हाई आन् वळूलाबी न्हाई, पण त्या दिसांत तिच्या तोंडावर भ्या बघितलं म्या.

एक दिवस आईच म्हणली, "टीव्ही तरी लाव गं. कानावर कायतरी पडंल."

बायकोनं माज्याकडं बघितलं. म्या टीव्हीकडं बघितलं. टीव्हीनं कुणाकडंच बघितलं न्हाई.

दवाखान्यानं खिसं झाडून नेल्यालं, नव्या टीव्हीचं नाव काढायची सोय न्हवती. बायको गुमान परसात गेली आन् तिचा कोंबडा धरून आली. लाल तुऱ्याचा, अंगणात सरपंचासारखा फिरायचा. तिनं त्येला पिल्लापासनं वाढवल्याला. म्हणली, "आखाड चालूय. गावठी कोंबड्याला ढाबेवाले रस्त्यात आडवे येत्यात. कापूरहोळला इका, आन् एकादा जुना टीव्ही बगा. चालू करून बगा. नीट बगा."

मी दुधाच्या टेम्पोवर कामाला. क्यान चढवायचे, क्यान उतरवायचे. कापूरहोळ रोजचंच. फाट्यावर ढाब्याच्या अंगाला एक दुरुस्तीचं दुकान हाय, तिथला मिस्त्री लई सरळ मानूस. आधीच सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात त्येचा दोष कणभर न्हाई.

म्हणला, "पावणं, जुना टीव्ही आत्ता न्हाई. ह्यो मॉनिटर हाय, कम्प्युटरचा. चित्र झकास. पण ह्यो टीव्ही नव्हं."

"आसू द्या की."

"ह्येला आवाज नसतो."

"आसू द्या."

"आन् केबल सरळ लागत न्हाई ह्येला. मदी एक डबी लागती. समजलं न्हवं?"

"समदं समजलं," म्या म्हणलं.

मला काय समजल्यालं? तर पाटासारखा चपटा हाय, काळा चकचकीत हाय, आन् पुण्यात मोठ्या लोकांच्या भिताडाला असंच कायतरी आसतं. त्येनं त्यो कम्प्युटरला जोडून दाखवला. आत एक हिरवागार डोंगर आन् वर निळं आभाळ. वेल्ह्याकडंबी येवढा हिरवा डोंगर म्या बघितला न्हवता. तितंच पाघळलो. मिस्त्रीच्या घरी त्याच दिवशी आखाडाचा बेत, म्हणून त्येनंच कोंबडा ठेवून घेतला आन् मॉनिटर पोत्यात बांधून माज्या काखंत दिला. निघताना परत वरडला, "डबीचं ध्यानात ठेवा पावणं!" म्या टेम्पोतनं हात हालवला.

घरी आलो. आळी गोळा झाली. शेजारचे आण्णा आले, त्यांची मंडळी आली. म्या मॉनिटर आईच्या खाटंसमोरच्या फळीवर मांडला, वायर घातली, बटण दाबलं. पडदा उजळला आन् मधी एक निळी चौकट आली, तिच्यात इंग्रजी अक्षरं. ती चौकट सरकाया लागली. ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात, तितं टेकली की माघारी.

आण्णा म्हणले, "कुटला च्यानल म्हणायचा ह्यो?"

"नवीन हाय," म्या म्हणलं. "जरा दम धरा, गरम व्हऊ द्या."

आमी समदी मांडी घालून ती चौकट बघत बसलो. मंग आण्णांच्या मंडळी म्हणल्या, आता वरच्या कोपऱ्यात जाणार. आण्णा म्हणले, छ्या, खाली येणार. ती खाली आली तवा आण्णांनी मांडीवर थाप मारली. असा रंग आला व्हता, आन् येकदम पडदा काळा झाला.

"संपलं?" आण्णा म्हणले. "शेवट काय नीट कळला न्हाई."

भिताडाकडं तोंड केल्याली आई म्हणली, "आरं, आवाज कुठाय त्येचा?"

बायको मागं दाराला टेकून उबी व्हती. तिनं ती 'नो सिग्नल' अक्षरं वाचल्याली, सातवी झालीया ती. लोकं गेली. मंग म्हणली, "ह्येच्यापरीस माजा कोंबडा बरा व्हता. त्यो निदान आरवत तरी व्हता."

मला वाटलं आता ती मॉनिटर उचलून माज्या डोक्यात घालती. पण तिनं त्येच्या मागं हात घालून कुटं काय भोकं हायती ते बघितलं आन् भावाला फोन लावला. तिचा भाऊ शिरवळच्या कंपनीत हाय, घर माहेरी वेल्ह्याकडं. त्येनं इचारलं ते तिनं सांगितलं, तिनं इचारलं ते त्येनं सांगितलं, आन् 'समदं समजलं' म्हणत म्या कापूरहोळास्नं आणल्यालं कोडं तिनं चुलीपाशी बसून सोडवलं. मिस्त्रीनं सांगितल्याली तीच डबी लागणार व्हती. ती भावाकडं पडून व्हती. आवाजाला येगळा स्पीकर लागणार, आन् तसला स्पीकर गावात येकच, भजनी मंडळाचा, त्यो आण्णांच्या घरी.

"आता ह्येला पैसं कुटनं आणायचं?" म्या म्हणलं.

"पैसं कशाला? सावड करू की."

सावड म्हंजी लावणीतली रीत. आज आमची मानसं तुमच्या खाचरात, उद्या तुमची आमच्यात. मजुरी कुणी कुणाला देत न्हाई, कंबरंच्या बदली कंबर. भाताची सावड म्या जन्मभर बघितली, पण टीव्हीची सावड करायचं ह्याच बाईच्या डोक्यात आलं. फरक येवढाच, की तिच्या सावडीत कंबर समदीकडं माजीच व्हती.

भावाला म्हणली, "डबी दे. दाजी तुज्या लावणीला येत्याल."

भाऊ फोनवर हासल्याला मला लांबनं ऐकू आला.

मंग आण्णांकडं गेली. मी मागं, हारणाऱ्या पैलवानावानी मान खाली घालून. "आण्णा, स्पीकर द्या. बदल्यात ह्ये तुमच्या लावणीला."

"ह्यो?" आण्णांनी मला वरनं खाली बघितलं. "ह्येची लावणी म्या बघितलीया. ह्येनं लावल्याली वळ वरंध्याच्या घाटासारखी जाती."

"वळ वाकडी तर वाकडी, आण्णा. भात सरळच उगवतं की."

आण्णा हासत आत गेले. स्पीकर त्यांनी सोता उचलून आणून दिला, त्येच्या आवाज मोठा करायच्या डब्यासकट. देव मानूस.

भाऊ डबी घेऊन आला त्या दिवशी बायकोनंच समदं जोडलं. केबलच्या बॉक्सची पिवळी वायर डबीत, डबीची वायर मॉनिटरात, लाल-पांढरी भजनाच्या डब्यात. मी बॅटरी धरून उबा व्हतो, आन् तीबी तिला पायजे तितं सोडून भलतीकडंच पडत व्हती. बटण दाबलं. चित्र आलं! आन् मागनं आवाज आला. भजनाला घुमारा लागतो म्हणून आण्णांनी डब्याचं बटण फिरवून ठेवल्यालं. मालिकंतली एक बाई डोळं वटारून म्हणली, "मी तुला सोडणार नाही... नाही... नाही..." गोठ्यातली म्हस उटून उबी ऱ्हायली.

आन् आईनं मान फिरवली. आल्यापसनं पयल्यांदा भिताडाकडचं तोंड आमच्याकडं केलं. "कोण गं ती? हिरीत पडून बोलतीया व्हय?"

आमी हासलो. भाऊ घुमाऱ्याचं बटण बंद कराया गेला. पण आई म्हणली, "मला तर दिसंनात बाई. समदी काळी ठिक्कर, नुसती भुतं हालत्यात."

मी तिच्या खाटंशेजारी भुईला आडवा पडलो आन् वर बघितलं. खरंच की! उभ्या मानसाला, बसल्याल्या मानसाला चित्र लख्ख. आन् खालनं, पडून बघितलं की समदा काळोख. भाऊ म्हणला, ह्या जुन्या मॉनिटरची खोडच हाय ती, समोरून बघितला तरच नीट दिसतो.

आता असलं काम मात्र आपलं. मी पळत परसात गेलो, लाकडाची एक चांगली पाचर तासली. मॉनिटरच्या बुडाखाली मागनं ठोकली की त्यो खाली वाकंल आन् आईला दिसंल. जन्मात पयल्यांदा मला काय करायचं ते बिनचूक कळल्यालं व्हतं. दारातच बायकोनं आडवलं.

"ह्ये काय?"

"पाचर. आईला पडल्या पडल्या दिसंल आता."

"पडल्या पडल्या दिसाया लागलं तर त्या पडूनच बगत्याल."

"व्हय, मंग? त्येच तर म्हणतोय मी."

तिनं डोळं मिटलं. हळू आवाजात म्हणली, "अवो, डागदर काय म्हणले व्हते?"

"बसतं करा म्हणले."

"आन् बसल्यावर काय दिसतं ह्येच्यात?"

"लख्ख दिसतं."

"मंग?"

"मंग काय?"

"तुमाला कळंस्तवर मी चा टाकू का?"

चा उकळायच्या आत कळलं मला, नाय असं न्हाई. मी भुईला आडवा पडून 'खरंच की' म्हणत व्हतो त्याच टायमाला तिच्या डोक्यात ह्ये आल्यालं. डॉक्टरनं सांगितल्यालं ती घास भरवताना, आंघूळ घालताना, रातीला कूस बदलताना मनात धरून बसल्याली. मी मॉनिटर बघत व्हतो आन् ती आईला बघत व्हती. येवढाच काय त्यो आमच्या दोगांतला फरक, बाकी आमी येकाच ताटात जेवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालिका लागली. बायको उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत, मी खांबाला टेकून. आई पडून, मान वाकडी करून ऐकत. मालिकंत एक काळ्या साडीवाली जाऊ व्हती, लई पोचल्याली. ती सैपाकघरात शिरली, वाजंत्री जोरात वाजली.

"काय केलं गं तिनं?" आई म्हणली.

"दुधात पुडी टाकली, आत्या."

"आगं बाई! कुटल्या पेल्यात? थोरलीच्या का धाकटीच्या?"

"मला न्हाई दिसलं. मी तांदूळ बगतीया."

"आरं, तू बग."

मला दिसल्यालं. चांगलं दिसल्यालं. मी तोंड उघडलं, आन् सुपातला एक खडा येऊन माज्या कानावर बसला.

"माज्या डोळ्यात कुसळ गेलंया," म्या म्हणलं.

"घरात डोळं असल्यालं येक मानूस न्हाई!" आई चिडली. तिनं मान उचलली, दिसंना. कोपर टेकलं. तोंड दुखण्यानं वाकडं झालं. मला राहवंना, मी धराया म्होरं झालो, तर मागनं शर्ट आवळला गेला. बायकोनं मूठ भरून धरल्याला. सोडला न्हाई. आई "आगं आई गं" म्हणत दुसऱ्या हातानं खाटंची कड धरून वर आली, आणखी वर आली, आन् बसली. येकलीच. कुणाचा हात न्हाई. दोनी पाय खाली लोंबत व्हते. पडद्यावर त्यो पुडीचा पेला परत परत दावत व्हते.

"निळ्या पेल्यात टाकलंन् भवानीनं!" आई म्हणली. "धाकटीच्या! पिऊ नगंस गं पोरी, ठेव त्यो खाली!"

धाकटीनं पेला तोंडाला लावला आन् जाहिरात लागली.

तवा आईला कळलं आपण बसलोय. तिनं सोताच्या पायाकडं बघितलं, मंग आमच्याकडं. माजं तोंड उघडंच. बायकोनं मान वर केली न्हाई, तांदूळ निवडत म्हणली, "चा टाकू, आत्या?"

"टाक. आन् साकर घाल नीट, आजाऱ्याचा चा नगं."

मी गोठ्यात गेलो. म्हशीपाशी जरा उबा ऱ्हायलो. पुरुषमानसाला घरात रडाया जागा नसती, गोठा बरा पडतो. म्हस काय कुणाला सांगत न्हाई.

तितनं म्होरं आमची आई मालिकंच्या टायमाला बसायची. मंग मालिका लागायच्या आदी बसाया लागली, कारण आळीतल्या बायका यायच्या आन् बायकांसमोर पडून बोलता येत न्हाई. मंग बायका गेल्या तरी बसून, उद्या काय व्हणार त्येचा आंदाज. धाकटी वाचली, दूध मांजरानं सांडलं. आईनं आदीच सांगितल्यालं की मांजर आणत्याल. जेवण वाडलं. भोरच्या दवाखान्यानं दिल्याली चार पायांची काठी भिताडाला टेकवून ठेवल्याली, तिच्याकडं ती तिरक्या डोळ्यानं बघाया लागली. बायको रोज सांजचं तिला धरून दोन पावलं टाकायची. कशापायी? तर आईला मॉनिटरच्या कडंची धूळ सोता पुसायची असायची, सूनबाईची पुसणी तिला पसंत न्हवती.

आन् मी आण्णांच्या खाचरात वाकल्याला. चिखल गुडघ्यावर, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात तरव्याची, म्हंजी भाताच्या रोपांची, पेंडी. मागनं आण्णांचा आवाज, "आरं, सरळ! सरळ! म्हस गेल्यावानी कसली वळ?" मी लावायचो आन् आण्णांच्या मंडळी मागनं येऊन उपटून परत लावायच्या. तरी सावड ती सावड, आण्णांनी कवा तोंड वाकडं केलं न्हाई. मग मेव्हण्याकडं वेल्ह्याला गेलो, तितंबी मुक्काम करून तेच. डबीची फेड माज्या कमरंनं केली, आन् अजून पाऊस आला की ती डबी माज्या पाठीत बोलती.

मेव्हण्याची लावणी उरकून यष्टीनं घरी आलो तवा श्रावण लागल्याला. गावच्या फाट्यावर आण्णा भेटले. म्हणले, "देवळात भजन बसलं रं, म्हणून स्पीकर घेऊन गेलो. राग मानू नगंस."

"राग कसला आण्णा, तुमचाच हाय," म्या म्हणलं. आवाज गेला म्हंजी मालिका गेली, मालिका गेली म्हंजी आई परत भिताडाकडं तोंड करणार. म्या पाय उचलला. घरात शिरलो तर मॉनिटर चालू, आत मानसं नुसती तोंडं हालवत्यात. खाट रिकामी. गोधडी घडी घालून ठेवल्याली. आईची काठी न्हाई, बायको न्हाई.

माज्या हातातली पिशवी खाली पडली. "आई!" म्हणून वरडलो. परसात बघितलं, गोठ्यात बघितलं. परत दवाखाना, परत टेम्पो, समदं डोळ्यासमोर आलं.

तेवढ्यात आण्णांच्या घरातनं आवाज आला. "आगं, ती रडत न्हाई, सोंग घेतीया! मला काय सांगतीस!"

मी धावत गेलो. आण्णांच्या सोप्यात त्यांनी ह्याच आठवड्यात आणल्याला नवा मोटा टीव्ही लागल्याला, भिताडाएवढा. समोर आमची आई खुर्चीवर बसल्याली, अंगाला चार पायांची काठी. दोन घरांच्या मधलं अंगण, त्या अंगणातला चिखल, आण्णांच्या पायऱ्या, समदं चालून आल्याली. बायको मागं उबी. आईला हात लावत न्हवती, पण हात कमरंपाशी तयार ठेवल्याले. माज्याकडं बघून हासली. मॉनिटर आणला त्या दिवसापासनं ती मला बघून हासली न्हवती.

"आई, तू चालत आलीस?" म्या म्हणलं.

"मंग काय उडत येऊ? मुक्यांचा खेळ किती बघायचा घरात?" तिची नजर टीव्हीवरच. "आरं, म्होरनं सरक की जरा! कोर्टाचा निकाल हाय आज."

मी सरकलो.